व्याह्यांचं पाकीट

झुराकान एजे शिवायला बसली की आमच्या गल्लीला लगेच कळायचं, कारण तिचा आवाज बंद व्हायचा. एरवी ती बोलायला लागली की वरच्या ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत नसे. पण शिवताना दोऱ्याचं टोक दातांत, दोन हातांत दोन सुया आणि गुडघ्यांत कातडं धरणारा लाकडी चिमटा. मग तिचा नवरा जुमाबाय अंगणातल्या जर्दाळूखाली टोपी डोळ्यांवर ओढून निवांत पडायचा. "देवानं शिवण काढली ती नवऱ्यांच्या सुखासाठी," असं तो मला भिंतीवरून सांगायचा. त्यावर एजे दात न उघडता नुसतं "हंऽऽ" करायची. त्याचा अर्थ, थांब, गाठ मारून झाली की बघते तुझ्याकडे.

एजे म्हणजे ताई. सगळं बार्सकून गाव तिला असंच म्हणतं. आमचे हे वरच्या खाणीवर कामाला लागले म्हणून आम्ही या तळ्याकाठच्या गावात आलो आणि इथंच रुजलो. तिची नि माझी भिंत एक. मी संध्याकाळी दिवा लावला की ती तिकडून विचारायची, "तुझ्या देवाला माझ्या लेकीचं, पेरिझातचं सांगितलंस का?" मी म्हणायची, "सांगितलं." तेवढ्यावर तिचं समाधान. स्वतःही ती पहिला टाका घालायच्या आधी बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय सुई उचलत नसे. लगाम असो की कुत्र्याचा पट्टा.

तिचा बाप सारीबाय सामुदायिक शेतीच्या काळातला खोगीर करणारा. घरात मुलगा नाही, म्हणून हीच त्याच्यासमोर बसून कातड्याचं दुसरं टोक धरायची, आणि धरता धरता शिकली. बाप गेल्यावर कार्यशाळेतल्या पुरुषांनी तिला चहा करायला ठेवलं. एक दिवस शेतीप्रमुखाच्या घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, भर शर्यतीत तुटला आणि प्रमुख चिखलात बसले. तो तंग पुरुषांनी शिवलेला होता. दुसऱ्या दिवसापासून एजे शिवायला बसली नि चहा पुरुष करू लागले. ही गोष्ट ती सांगायला लागली की चिखल दर वेळी थोडा खोल होत जायचा.

तर अशी ही बाई. जन्मभर घोड्यांचं शिवलं. तिचे टाके लांब, घट्ट, एका ओळीत. बघूनच ओढून पाहावंसं वाटायचं नाही. माणसांचं मात्र तिनं कधी काही शिवलं नव्हतं, आणि तिच्या विहिणीनं बोट ठेवलं ते नेमकं तिथंच.

पेरिझात हे तिचं शेंडेफळ. दोन्ही मुलगे रशियात कामाला, घरात ही एकटी. गेल्या वर्षीच्या शरदात ती डोंगरापलीकडे नारीनच्या बाजूला दिली. एलामान जावई चांगला, व्याही ओसमोन तर देवमाणूस. पण विहीण उल्जान म्हणजे तिखट काम. लग्नात एजेनं व्याह्यांना आहेर म्हणून चांदीच्या टिकल्यांचा लगाम दिला. सगळ्यांनी वाहवा केली. उल्जाननं तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "छान आहे हो. घोड्याचा मान झाला. आता घोड्याच्या मालकाला काय?"

लोक हसले. एजेही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

"मालकाला पाकीट शिवून देईन," एजे म्हणाली.

"पाकीट?" उल्जान म्हणाली. "विहीणबाई, तुमचे टाके घोड्याच्या मापाचे. पाकिटाला दोनच बसतील!"

हे बोलणं एजेला वर्षभर टोचत राहिलं.

इकडे लग्न झालेली मुलगी मनाला येईल तेव्हा माहेरी येत नाही. सासरची माणसं आहेर घेऊन तिला पहिल्यांदा वाजतगाजत आणतात, तोवर माहेरचा उंबरा तिला बंद. आणि आणल्यावर ती किती राहणार, हे सासूच्या तोंडी. पेरिझातला आणायचं ठरलं ते उन्हाळा सरता सरता. उल्जानचा फोन आला तेव्हा मी एजेकडे जर्दाळूच्या बिया फोडत बसले होते. तिचे हात मेणाचे होते, म्हणून फोन जमिनीवर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"विहीणबाई, पुढच्या शुक्रवारी आणतो तुमची लेक."

"या, या! किती दिवस ठेवणार?"

"किती म्हणजे? आमच्याबरोबर येईल, आमच्याबरोबर जाईल. घोड्या दुधाला आहेत. कोण काढणार?"

"बटाटे निघेपर्यंत तरी राहू द्या हो."

"का? पेरिझातनं हाक मारल्याशिवाय तुमचे बटाटे वर येत नाहीत?"

जुमाबाय टोपीखाली हसला. एजेनं त्याच्याकडे असं बघितलं की टोपी आणखी खाली गेली.

"आणि ते पाकीट?" उल्जान पुढं म्हणाली. "आमचे हे वर्षभर वाट बघतायत. जुन्याचे दोन तुकडे झाले. यांच्या हातात काही टिकत नाही. खिळे कोंबतात, घोड्याच्या औषधाच्या गोळ्या कोंबतात, कुरूत कोंबतात." कुरूत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. इथल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशात त्या असतातच.

"शिवतेय," एजे म्हणाली. अजून कातडंही कापलेलं नव्हतं.

"बरं, मग असं करू. यांनी ते दोन्ही हातांनी ओढायचं. शिवण टिकली, तर तुमची लेक बटाटे निघेपर्यंत तुमची. उसवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर गाडीत. कबूल?"

ओसमोन तरुणपणी घोड्यावर बसून बकऱ्याच्या धडासाठी झोंबायच्या खेळात नावाजलेला गडी. त्याच्या हातात आलेलं धड कुणी ओढून नेलं नव्हतं. हे सगळ्या मुलखाला माहीत. एजेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"कबूल," ती म्हणाली आणि कोपरानं फोन बंद केला.

मग मात्र ती घाबरली. "अगं, मी काय बोलून बसले? त्या माणसाचे पंजे पाहिलेस ना? दोरखंडसुद्धा त्याच्या हातात दोऱ्यासारखा दिसतो."

"मग मोठे टाके घाल की," मी म्हटलं.

"आणि तिचं बोलणं खरं करू?"

पाकीट साधंच ठरलं. एकाच कातड्याची मधोमध घडी, आत दोन्ही बाजूंना एकेक कप्पा, प्रत्येकाला तीन बाजूंनी शिवण. कातडं तिच्याकडचंच होतं, वासराचं, आंबट ताकात नि मिठात मुरवून धुरावर धरलेलं. खोगिराच्या टाक्यांच्या खुणा करायला ती दात असलेलं चाक फिरवायची, पण त्याचे दात पाकिटाला फारच लांब पडत होते. शेवटी तिनं जुन्या खानावळीतला काटाचमचा शोधून काढला. कडेपासून थोडं आत तो दाबत गेली, दर वेळी मागच्या खुणेत पहिला दात बसवून. कातड्यावर बारीक ठिपक्यांची सरळ ओळ उमटली. मग आरीनं एकेक भोक पाडलं, तिरकं, सगळी एकाच अंगानं.

"जन्मभर जेवायला वापरला नाही, आज कामाला आला," ती काट्याकडे बघत म्हणाली.

प्रश्न होता तो दोऱ्याचा.

पहिला दोरा बाजारातला, चिनी, नायलॉनचा, लालभडक. दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की याला हत्ती बांधा. एजेनं एक बाजू शिवून जुमाबायला ओढायला लावलं. दोरा काही तुटला नाही. पण कातड्याची भोकंच लांबट झाली, तारेनं चीज कापावं तशी.

"हा दोरा स्वतः वाचतो नि घर मोडतो," एजे म्हणाली. तिनं तो सगळा ओढून काढला. त्यातला थोडा पुढं तिनं मला टोमॅटो बांधायला दिला. अजून टिकून आहे.

दुसरा जवसाच्या सुताचा, म्हणजे लिननचा. रंग सुरेख, तपकिरी. तिनं तो मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढला आणि शिवायला बसली. दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर. डावी आत, उजवी तिच्या पाठोपाठ, मग दोन्ही हात पंखांसारखे उघडून ओढायचं. शिवण दोन्ही अंगांनी सारखीच दिसत होती. इतकी देखणी की मी म्हटलं, "झालं. आता हात लावू नकोस."

तिनं जुमाबायला हाक मारली. त्यानं ओढलं आणि तटकन आवाज झाला. दोरा दुकानात किती वर्षं पडून होता देव जाणे, आतून कुजला होता.

"मी फार जोरात नाही ओढलं," जुमाबाय बिचारा म्हणाला.

"तुम्ही कधी काही जोरात केलंय का?" एजे म्हणाली, पण चेहरा उतरलेला. शुक्रवार जवळ आला होता. मग तिनं उठून कोठीच्या आढ्यावरून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं.

आत बैलाच्या पाठीच्या कण्यालगतची शीर होती, रक्ताची नव्हे, मांस बांधून ठेवणारी चिवट. वाळून काचेसारखी झालेली, पिवळट.

"पेरिझातच्या लग्नातला बैल," ती म्हणाली. "अब्बा म्हणायचे, घरातलं मोठं जनावर गेलं की त्याची शीर ठेवायची. मी ठेवली. कशासाठी ते तेव्हा माहीत नव्हतं."

मी मांसमच्छी खात नाही, त्यामुळे जरा लांबच बसले. पण बघत राहिले. तिनं ती शीर दगडावर लाकडाच्या हातोडीनं हळूहळू ठोकली. ठोकता ठोकता तिचे केसांसारखे पांढरे धागे सुटायला लागले. ते तिनं दातांनी सोलले, तोंडात धरून ओले केले आणि मांडीवर वळले. एक संपत आला की दुसरा त्यात मिसळून वळायचा, गाठ नाही. जुमाबाय लांबून म्हणाला, "आता दोन दिवस माझा सण." आणि खरंच दोन दिवस एजेचं तोंड धाग्यांनी भरलेलं होतं. गल्लीत पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला.

हा दोरा ओला असतानाच शिवायचा. भोकात बसला की वाळताना फुगून तिथंच रुतून बसतो. टाके बारीक, एकसारखे, तांदळाच्या दाण्यांची ओळ मांडल्यासारखे. शेवटी दोन टाके उलटे घेऊन तिनं टोकं कापली. कडा हाडानं घासून चमकवल्या. जुमाबायनं ओढलं, मी ओढलं, दूधवाल्यानं ओढलं. काही झालं नाही. एजे दारात उभी राहून खदाखदा हसली.

आणि मग तिनं चूक केली.

कातडं जरा कोरडं दिसत होतं. ते मळायला मेण पुरलं असतं. पण तिच्या मनात आलं, हे व्याह्यांचं पाकीट. इकडे सोयरीक पक्की होते ती मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एकमेकांना भरवून. आपल्याकडे साखरपुड्याला साखर असते, तशी इथं शेपटीची चरबी. तेव्हा एजेनं शेपटीची चरबी वितळवली आणि पाकिटाला आतबाहेर, शिवणीला तर बोट दाबून दाबून चोळली.

"याहून मानाचं काय असतं?" ती म्हणाली.

मला तर ते बरोबरच वाटलं.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. जावई घोड्यांपाशी मागं राहिला होता. पेरिझात खाली उतरली, डोक्यावर पांढरा रुमाल, गाल उन्हानं रापलेले. एजेनं तिच्या डोक्यावरून मूठमूठ गोळ्याबिस्किटं उधळली आणि मग ती उधळायचं विसरून तिच्या गळ्यात पडली. गल्लीतल्या पोरांनी सगळं वेचून नेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदराला पुसलं आणि मनात म्हटलं, देवा, हिला बटाट्यांपर्यंत राहू दे.

मागून उल्जान उतरली, तिच्या मागून ओसमोन, आणि ओसमोनच्या मागून त्याचा शिकारी कुत्रा, शुमकार. उंच, बारीक कमरेचा, लांब तोंडाचा.

"हा कशाला?" एजेनं विचारलं.

"याला घरी ठेवला तर जेवत नाही," ओसमोन लाजत म्हणाला.

"माझ्याशिवाय मात्र सगळे जेवतात," उल्जान म्हणाली. "चला, चहा ठेवा."

जर्दाळूखाली मोठ्या लाकडी ओट्यावर गालिचे घातले होते. तळलेल्या कणकेचे बोरसोक, मध, मलई, मेंढी, सगळं झालं. सगळ्यांची तोंडं चकाकायला लागली. मला एजेनं आठवणीनं वेगळा बटाट्याचा पुलाव केला होता. मग ती रुमालात गुंडाळलेलं पाकीट घेऊन आली. रिकामं देऊ नये म्हणून आत एक नवं नाणं घातलं होतं. रुमाल सोडून तिनं ते ताटात, ओसमोनच्या पुढ्यात ठेवलं.

उल्जान पुढं वाकली. मग म्हणाली, "टाके कुठायत?"

"डोळे बारीक कराल तर दिसतील," एजे म्हणाली.

"ओढा हो," उल्जाननं नवऱ्याला फर्मावलं.

ओसमोननं बाह्या सरसावल्या. पण तेवढ्यात जुमाबायचे थोरले भाऊ, म्हातारे कादिर आता (इकडे वडीलधाऱ्याला 'आता' म्हणतात), यांनी दोन्ही तळवे वर केले. "आधी आशीर्वाद," ते म्हणाले. झालं! सगळ्यांचे हात उघडून पुढं आले, नजरा खाली गेल्या.

कादिर आतांचा आशीर्वाद म्हणजे लांबलचक. घरावर सुख येवो, जनावरं वाढोत, पाऊस वेळेवर पडो, अशी एकेक गोष्ट ते सावकाश मागत होते. आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, ओट्याच्या कडेवर एक लांब तोंड हळूच वर आलं. शुमकारनं ताट हुंगलं. चरबी, धूर आणि आत बैलाची शीर. त्याच्या हिशेबानं ते जेवणच होतं. त्यानं पाकीट नाजूकपणे दातांत धरलं आणि नेलं.

एजेनं पाहिलं. उल्जाननं पाहिलं. मला वाटतं ओट्यावरच्या प्रत्येकानं पाहिलं. पण आशीर्वाद चालू असताना हात खाली कोण घेणार? आरती चालू असताना मांजरानं नैवेद्याला तोंड लावलं की आपली जी गत होते, तीच सगळ्यांची झाली. एजेचे तळवे वर, डोळे कुत्र्यावर. तो झाडाखाली पाकिटावर पंजा ठेवून चावायला लागला होता.

"…आणि सोयऱ्यांमधलं प्रेम," कादिर आता म्हणत होते, "दगडासारखं टिको, पाण्यासारखं वाहो, आणि…"

"लवकर वाहो," उल्जान पुटपुटली.

"…आणि लेकी जिथं जातील तिथं…"

"कादिर आता!" एजे रडवेली होऊन म्हणाली.

"…सुखी राहोत. ओमिन!"

तळवे चेहऱ्यावरून फिरले न फिरले तोच सगळा ओटा उठून पळाला. ओसमोन पुढं. त्यानं पाकिटाची लोंबणारी बाजू दोन्ही हातांनी पकडली, कुत्र्यानं आपली बाजू सोडली नाही. कुत्रा मागच्या पायांवर बसून ओढतोय, ओसमोन टाचा रोवून ओढतोय, आणि दोघंही एकच आवाज काढतायत.

"सोड रे! हे पाकीट आहे!"

"ओढा, ओढा!" जुमाबाय ओरडला. त्याला इतक्या जोरात ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

फर्रकन आवाज झाला. ओसमोन गवतात बसला आणि कुत्रा उलटा पडला. नाणं उडून चहाच्या किटलीवर आपटलं.

एजे तोंडावर हात ठेवून उभी होती. पेरिझात तिला बिलगली होती. उल्जाननं पुढं होऊन नवऱ्याच्या हातातला अर्धा नि कुत्र्याच्या तोंडातला अर्धा, दोन्ही तुकडे घेतले आणि उन्हात धरले.

"फाटलं," ती म्हणाली. "म्हणजे उद्या सकाळी गाडीत."

"दाखवा," एजे म्हणाली. तिनं तुकडे घेतले, ओल्या लाळेवरून बोट फिरवलं. मग मान वर केली. तिचा चेहराच बदलला होता. "विहीणबाई, पैज कशावर होती?"

"पाकिटावर."

"नाही. मी तिथं होते," मी मध्येच बोलले. मला राहवलं नाही. "तुम्ही म्हणालात, शिवण टिकली तर."

"बघा मग," एजे म्हणाली. "कातडं फाटलं मधून, घडीवर. शिवण इकडेही आहे, तिकडेही आहे. एक टाका सुटलेला दाखवा. कातडं वासराचं होतं, त्याची तक्रार गाईकडे न्या."

उल्जान खाली बसली. तिनं नखानं टाका उचकटून पाहिला. मग दातानं. मग केसांतली पिन काढून खालून घातली, तर पिन वाकली. ओसमोन तिच्या शेजारी येऊन बसला, पाकिटाचा तुकडा हातात घेऊन दोन्ही कडांनी ओढू लागला. त्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. काही झालं नाही.

"आणि एका बाजूला तुम्ही होतात, दुसऱ्या बाजूला तुमचा कुत्रा," एजे म्हणाली. "मी तर एकट्याशीच पैज लावली होती."

पहिलं हसली ती पेरिझात. रुमालात तोंड लपवून, पण खांदे हलत होते. मग कादिर आता दात नसलेल्या तोंडानं हसले, आणि मग कुणालाच आवरेना. उल्जानही हसत होती, इतकी की तिला पाणी द्यावं लागलं.

पाणी पिऊन ती म्हणाली, "मला माझ्या सासूनं पहिल्या खेपेला एक रात्र ठेवलं होतं माहेरी. आई सकाळी गाडीमागं पळाली होती. मी ठरवलं होतं, आपण असं करायचं नाही. आणि बघा, तेच करायला निघाले होते." मग लगेच डोळे पुसून आवाज चढवला, "पण आमचे हे पाकिटाशिवाय घरी कसे जाणार? लोक विचारतील. ऐका, पेरिझात इथंच राहू दे. तुम्ही दुसरं पाकीट करा आणि ते पुरं झालं की ती घेऊन येईल. पण दोरा हाच पाहिजे. हाच. दुसरा चालणार नाही."

एजेनं खाली बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मला तो चेहरा ओळखीचा होता. जुमाबायनं तर टोपीच डोळ्यांवर ओढली.

"हाच दोरा?" एजे अगदी गरीब होऊन म्हणाली.

"हाच म्हटलं ना."

"तुमचा शब्द विहीणबाई, मला शिरसावंद्य. फक्त आता शीर संपली. पुढची निघेल ती हिवाळ्याला कापायच्या बैलाची. बर्फ पडल्यावर."

उल्जाननं तिथलीच उशी उचलून एजेला मारली.

"लबाड बाई! अहो, ही खोगीर शिवणारी आहे की वकील?"

"शब्द दिलास," ओसमोन शांतपणे म्हणाला आणि कुत्र्याच्या तोंडात एक कुरूत टाकला.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली ती पेरिझातला न घेता. एजे बोळाच्या तोंडापर्यंत हात हलवत गेली, परत येताना उड्या मारत आली म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळी तिनं भिंतीवरून मला विचारलंच नाही, की देवाला सांगितलंस का. मीच म्हटलं, "आज आभार मानले." "माझेही मान," ती म्हणाली.

मायलेकींनी जर्दाळू वाळवले, बटाटे काढले, माझेही काढून दिले. पेरिझात आईसमोर बसून, गुडघ्यांत चिमटा धरून सराव करायची. नायलॉनच्या दोऱ्यावर. तो काही संपत नव्हता. दोघी शिवायला बसल्या की दोन्ही तोंडं बंद, आणि जुमाबाय म्हणायचा, "आता माझ्या झोपेला दोन कुलपं."

बटाटे निघून झाले, पानं पिवळी झाली, तरी नारीनहून बोलावणं आलं नाही. आला तो गाडीवाल्याच्या हाती पाठवलेला एक कापडाचा पुडा. आत वाळलेली शीर. चांगली लांब, एजेच्या बैलाच्या शिरेपेक्षा लांब. मागोमाग फोन.

"मिळाली?" उल्जानचा आवाज. "आमच्या कोठीत होती. माझ्या आईनं ठेवलेली. तुम्हीच एकट्या शीर ठेवता असं समजू नका. आता बर्फाची वाट बघू नका."

एजे शिरेकडे बघत होती, ठोकून बघत होती. "फार छान आहे हो," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "पण हिचे धागे सोलायला वेळ लागेल."

"किती?"

"आता ते पेरिझातच्या दातांवर आहे. ती शिकतेय ना."

पलीकडून हसू आलं. "बरं बाई. शिकू दे. पण नीट शिकवा, म्हणजे पुढं मला लगाम घ्यायला तुमच्याकडे यायला नको."

त्या पाकिटाला एजेनं बोट लावलं नाही. कातडं पेरिझातनं कापलं, काटाचमचा पेरिझातनं दाबला, बिस्मिल्ला पेरिझात म्हणाली. एजे समोर बसून दातांत नसलेला दोरा चावत होती. एकदा भोक सरळ गेलं, तिरकं नाही, तेव्हा तिचा हात पुढं आला आणि तिनं तो स्वतःच दुसऱ्या हातानं मागं ओढला. टाके आईच्या टाक्यांइतके बारीक नव्हते. एकदोन ठिकाणी जरा हलले होते. पण मळताना मेणच वापरलं.

पहिलं बर्फ पडायच्या बेतात पेरिझात सासरी गेली. एजे रडली, पण गाडीमागं पळाली नाही. गाडीत पुढं बसून दुसऱ्या खिंडीपर्यंत सोडायलाच गेली.

परवा उल्जानचा फोन होता. ओसमोननं पाकिटात खिळे, गोळ्या आणि कुरूत सगळं कोंबलंय आणि शिवण काही ऐकत नाही, असं ती सांगत होती. शुमकार मात्र रोज जेवण झालं की त्याच्या खिशासमोर येऊन बसतो म्हणे, मान तिरकी करून.

"आणि विहीणबाई," ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात यांना पट्टा पाहिजे कमरेचा. पेरिझात तिथंच येऊन शिवेल. लांब पट्टा आहे हो. आमच्या ह्यांचं पोट तुम्ही पाहिलंय."

एजेच्या दातांत दोरा होता. तिनं नुसतं "हंऽऽ" केलं, पण गालांवरचं हसू कानांपर्यंत गेलं.